नदीची साक्ष

नदीचें पाणी शुद्ध आहे कीं दूषित, हा प्रश्न दिसावयास सोपा आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वीं कोणत्या ठिकाणचें आणि कोणत्या ऋतूंतलें पाणी, हें विचारावेंच लागतें. तारापूर-बोईसर टापूचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास हेंच शिकवितो.

सांडपाणी किती घातक, हें मापण्याचें शास्त्र फार जुनें नाहीं. इंग्लंडांत १८९८ मध्यें यासाठीं एक राजनियुक्त आयोग बसला. १९१२ च्या अहवालांत त्यानें जी मर्यादा घातली ती आजच्या मापानें अशी: नदींत सोडावयाच्या एक लिटर सांडपाण्यानें पांच दिवसांत २० मिलिग्रॅमपेक्षां अधिक प्राणवायु शोषूं नये. मात्र त्यांत मिसळावयास नदीचें निदान आठपट स्वच्छ पाणी असेल, हें त्यांत गृहीत होतें.

बारमाही पावसाच्या देशांत हें गृहीत बहुधा टिकतें. कोंकणांत काय होतें? आषाढांत दुथडी वाहणारा ओहोळ वैशाखांत डबक्यांच्या रांगेइतका उरतो. शिवाय पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी मावतो: २० अंशांवर लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांवर साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यांत घाण तेवढीच, पाणी थोडें आणि त्यांतला श्वासही थोडा. आपल्याकडे ही चांचणी पुढें २७ अंशांवर तीन दिवसांची ठरली, ती आपल्या उष्ण हवामानास धरूनच.

महाराष्ट्रानें जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्यें केला, १९७० मध्यें प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिलें. केंद्राचा कायदा १९७४ चा. तारापूरचें अणुवीज केंद्रही १९६९ मधलेंच. पुढें पाम, कुंभवली, कोलवडे, सरावली या गांवांच्या परिसरांत औद्योगिक वसाहत वाढली. वैतरणेस मिळणारी सूर्या नदी या वसाहतीस पाणी पुरविते. कारखान्यांत वापरलेलें पाणी सामायिक शुद्धीकरण केंद्रांत जातें आणि तेथून नळानें नवापूरच्या बाजूस समुद्राकडे नेलें जातें.

येथें ठिकाणाचा प्रश्न उभा राहतो. खाडीचें पाणी दिवसांतून दोनदां उलट फिरतें. भर भरतींत भरलेली बाटली समुद्राची साक्ष देते, ओहोटींतली नाल्याची. मासे मेल्याची वर्दी गेल्यावर दोन दिवसांनीं घेतलेला नमुना निर्दोषही निघेल. विष तोंवर पुढें गेलेलें असतें. म्हणून नळाच्या तोंडाशीं, त्याच्या अलीकडे व पलीकडे, आणि तिन्ही ऋतूंत नमुने घेतल्यावांचून न्याय होत नाहीं.

हा न्याय मागावयास किनाऱ्यावरचे मच्छीमार पुढें आले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेचा अर्ज २०१६ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें गेला. केंद्रीय मंडळानें २०१८ मध्यें औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यांत तारापूरचा अंक ९३.६९, म्हणजे देशांत सर्वांत वरचा, निघाला. त्या एका अंकांत हवा, पाणी व जमीन हीं तिन्ही एकत्र आहेत. कोणत्या नाल्यांत कोणत्या महिन्यांत काय वाहिलें, तें त्यावरून कळत नाहीं. जानेवारी २०२२ मध्यें न्यायाधिकरणानें निकाल देऊन दोषी उद्योगांवर पर्यावरणाची नुकसानभरपाई बसविली. त्यास जवळजवळ सहा वर्षें लागलीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

या इतिहासावरून एक साधें काम सुचतें. किनाऱ्यावरील शाळेनें वा ग्रामपंचायतीनें एक वही घालावी. ठरलेल्या जागीं दर पंधरवड्यास पाणी पाहावें आणि तिथि, वेळ, भरती कीं ओहोटी, रंग, वास व मासळीची स्थिति लिहून ठेवावी. उधाण कधीं व भांग कधीं, हा हिशेब कोळ्यांस तोंडपाठ असतो. तोच येथें कामीं येईल. प्रयोगशाळेचें काम अशा वहीनें भागणार नाहीं, हें खरें. परंतु नमुना कोठून आणि केव्हां घ्यावा, हें प्रयोगशाळेस सांगण्यास तिच्याएवढें उपयोगी दुसरें कांहीं नाहीं.