कुर्बान हुसेन कोणाचे?

सोलापूरच्या पार्क चौकात चार पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 रोजी इंग्रज सरकारने या चौघांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिली. संक्रांत तोंडावर आली होती. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या ऐन दिवसांत शहराला ही बातमी ऐकावी लागली. चौघांत एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान.

हल्ली या चार नावांचीही वाटणी होऊ लागली आहे. ज्याने त्याने आपल्या समाजाचा हुतात्मा उचलायचा, त्याचा फोटो मोठा छापायचा आणि उरलेल्या तिघांना कोपऱ्यात बसवायचे. आपण मुसलमानही याला अपवाद नाही. कोणी आपल्या देशप्रेमावर बोट ठेवले की आपण लगेच कुर्बान हुसेन यांचे नाव पुढे करतो, एखादा दाखला खिशातून काढून दाखवावा तसे. या सवयीचा विचार करायला हवा. त्यासाठी आधी 1930 सालच्या सोलापुरात नेमके काय घडले ते पाहू.

त्या वेळचे सोलापूर हे गिरण्यांचे आणि मागांचे शहर होते. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या भोंग्यावर शहराचा दिवस उगवत आणि मावळत असे. बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच वेळी कानावर पडत. सातरस्त्याला उभे राहिले की आजही त्या चारही भाषा ऐकू येतात. अशा गावात माणसे एकसारखी नव्हती आणि एकसारखी व्हावीत अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि मे 1930 च्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली. ही बातमी पसरताच सोलापूर पेटले. 8 मे रोजी लोक रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडायला गेले. दारूबंदी हा त्या चळवळीचा एक भाग होता. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण हातात झेंडा असताना पडला. त्यानंतर जमाव बिथरला. मंगळवार पेठेतील पोलीस चौकी आणि न्यायालयाची इमारत जाळली गेली, पोलिसांचेही प्राण गेले. मेलेले पोलीसही याच मातीतले, नोकरीसाठी वर्दी चढवलेले गरीब लोक होते. हुतात्म्यांचा गौरव करताना हेही विसरू नये.

पुढे 9, 10 आणि 11 मे असे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचा अंमल जवळपास उरला नाही. हे तीन दिवस मला फार महत्त्वाचे वाटतात. सरकार नसताना गाव लुटले जाते, जातीधर्माचे हिशेब चुकते होतात, असे आपण नेहमी ऐकतो. इथे काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यावर उभे राहून व्यवस्था सांभाळली. मंदिर-मशिदीचा तंटा त्या तीन दिवसांची ओळख ठरला नाही. 12 मे रोजी सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि तो 30 जूनपर्यंत चालला. राष्ट्रीय झेंडा हाती धरणे हा गुन्हा झाला, डोक्यावरची गांधी टोपीही सरकारच्या डोळ्यांत खुपू लागली. टोपी काढायला लावणाऱ्या शिपायाने टोपीखालच्या माणसाचा धर्म विचारला नाही.

पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात या चौघांना फाशीची शिक्षा झाली. त्यांनी ते कृत्य केले नव्हते, चळवळीची धास्ती घेतलेल्या सरकारने त्यांना गोवले, अशी सोलापूरकरांची धारणा आजही कायम आहे. कुर्बान हुसेन तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेले होते. ते गिरणी कामगारांत काम करत आणि 'गझनफर' नावाचे वृत्तपत्र चालवत. गझनफर म्हणजे सिंह. जगन्नाथ शिंदे तरुणांच्या चळवळीत होते, धनशेट्टी आणि सारडा काँग्रेसच्या कामात. यातल्या कोणी दुसऱ्यासाठी आपला धर्म सोडला नाही, भाषा सोडली नाही, की घरातल्या चालीरीती बदलल्या नाहीत.

आज आपल्या उपयोगाची गोष्ट इथेच आहे. देश राजकारणाने दुभंगला की दोन उपाय सुचवले जातात. एक म्हणजे 'सगळ्यांनी एकसारखे व्हा'. दुसरा म्हणजे 'सगळे विसरून गोडीगुलाबीने राहा'. चौघांनी यातला एकही उपाय केला नाही. त्यांनी एक काम हाती घेतले आणि ते काम सगळ्यांचे होते. कामगाराची मजुरी, गावातली दारू, परक्या सरकारचा कर या गोष्टी कोणत्याही एका जमातीच्या नव्हत्या. आधी एकोपा झाला आणि मग काम झाले, असे सहसा घडत नाही. काम करता करता माणूस शेजारच्याला ओळखू लागतो, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू लागतो.

आजच्या सोलापुरात अशी कामे कमी आहेत का? नळाला किती दिवसांआड पाणी येते हा प्रश्न पद्मशाली विणकराच्या घरी आहे आणि मोमीन मोहल्ल्यातही आहे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा सगळ्याच वस्त्यांतल्या चुली विझल्या. यंत्रमागावरचा कामगार आणि घरी बसून विड्या वळणारी बाई यांच्या मजुरीच्या प्रश्नाला धर्म नाही. मतभेद राहतील, निवडणुकीत आपण वेगवेगळ्या चिन्हांवर बोट ठेवू. लोकशाहीत ते व्हायलाच हवे. पण मत वेगळे असलेला माणूस गावाबाहेरचा ठरत नाही, एवढी रेघ दोन्ही बाजूंनी सांभाळली पाहिजे.

आता आपल्या लोकांना थोडे सांगायचे आहे. कुर्बान हुसेन यांना दाखला म्हणून वापरणे आपण थांबवले पाहिजे. दाखला दाखवतो तो संशयित, आणि मागतो तो अधिकारी. भारताच्या राज्यघटनेने नागरिकांमध्ये असे दोन वर्ग केलेले नाहीत. तिच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य आणि समतेबरोबर बंधुता हा शब्द आहे. भाऊ भावाला पुरावा मागत नसतो. तसेच, कुर्बान हुसेन यांची आठवण फक्त आपणच काढायची आणि धनशेट्टी, सारडा, शिंदे यांची नावे आपल्या मुलांना माहीतही नसावीत, हेही बरोबर नाही. ते तिघेही आपलेच आहेत.

याच सोलापुरात 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मुसलमान मराठीत लिहितो, मराठीत भांडतो, मराठीत स्वप्ने पाहतो, हे त्याने ठणकावून सांगितले. शेजारच्या बार्शीने तर संयुक्त महाराष्ट्राला अमर शेखांसारखा शाहीर दिला. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना मला रोज दिसते की मुलाला एक भाषा येण्यासाठी दुसरी विसरावी लागत नाही. वतन आणि मजहब यांचेही तसेच आहे.

सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसने शेकडो लोक रोज प्रवास करतात. शेजारी बसलेल्याचे आडनाव न विचारता डब्यातली चटणी-भाकरी वाटून खातात. त्या गाडीला ज्यांच्यामुळे नाव मिळाले त्या चौघांची नावे तरी आपल्या मुलांना एका दमात सांगता यावीत. येत्या 12 जानेवारीला उर्दू शाळेत मल्लप्पा धनशेट्टी यांच्यावर आणि मराठी शाळेत कुर्बान हुसेन यांच्यावर एकेका विद्यार्थ्याने पाच मिनिटे बोलावे. खर्च काही नाही, परवानगी फक्त मुख्याध्यापकांची लागेल.