प्रीपोझिशनल फ्रेज म्हणजे काय? इंग्रजी वाक्यात ती कशी ओळखायची?

मराठीत आपण 'घरासमोर', 'टेबलाखाली' म्हणतो. समोर, खाली ही शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात आणि त्याला जोडून लिहिली जातात. इंग्रजीत क्रम उलटा असतो: 'अंडर द टेबल'. आधी प्रीपोझिशन, मग नाम. या दोन्हींचा मिळून होणारा शब्दसमूह म्हणजे प्रीपोझिशनल फ्रेज.

कशी ओळखाल?

१. इन, ऑन, ऑफ, फॉर, विथ, फ्रॉम, नियर असा शब्द शोधा.
२. त्याला 'कशाच्या? कोणाच्या?' असे विचारा. उत्तरात येणाऱ्या नामापाशी किंवा सर्वनामापाशी फ्रेज संपते. मधले 'द', 'ओल्ड' असे शब्दही तिच्यातच धरायचे.

एक उदाहरण

पनवेलजवळच्या कोन येथील घरांसाठी म्हाडाने २०१६ मध्ये गिरणी कामगारांची सोडत काढली होती. अशा घरांबद्दल इंग्रजीत लिहायचे झाल्यास:

'द लिस्ट ऑफ द हाउसेस इन कोन इज रेडी.'

यात 'ऑफ द हाउसेस' आणि 'इन कोन' या दोन फ्रेज आहेत. त्या झाकल्या की उरते 'द लिस्ट इज रेडी'. तयार आहे ती यादी, घरे नव्हेत. म्हणून 'इज' बरोबर. 'हाउसेस' जवळ दिसते म्हणून अनेकजण 'आर' लिहितात आणि परीक्षेत गुण गमावतात. वाक्याचा कर्ता प्रीपोझिशनल फ्रेजच्या आत नसतो, एवढे लक्षात ठेवले तरी ही चूक टळते.

काम काय?

'कोणता?' याचे उत्तर देणारी फ्रेज विशेषणाचे काम करते. 'कुठे? केव्हा? कसे?' याचे उत्तर देणारी क्रियाविशेषणाचे. कधी दोन्ही अर्थ निघतात. 'शी कॉल्ड द वुमन फ्रॉम कोन' यात ती बाई कोनची, की फोन कोनहून केला? फोन कोनहून केला असेल, तर फ्रेज सुरुवातीला घ्यावी: 'फ्रॉम कोन, शी कॉल्ड द वुमन.'

इथे फसू नका

- 'गो टू पनवेल' यात 'टू पनवेल' ही फ्रेज आहे. 'वॉन्ट टू गो' यात 'टू'नंतर क्रियापद आहे, म्हणून ती नाही.
- 'टर्न ऑफ द लाइट' यात 'ऑफ' क्रियापदाचाच भाग आहे. 'टर्न द लाइट ऑफ' असेही म्हणता येते, यावरून ते कळते.
- फ्रेजमध्ये 'आय' नव्हे, 'मी' येते: 'बिटवीन यू अँड मी'.