रस्ता कुणी बांधला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते. आजच्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल. डांबरी रस्त्याचा ठरावीक तुकडा एकेका माणसाकडे असायचा. खड्डे बुजवायचे, बाजूच्या चरांतला गाळ काढायचा, पावसाळ्यात कोसळलेली दरड हटवायची, मैलाच्या दगडांना चुना लावायचा. मैल गेले, किलोमीटर आले, तरी नाव मैलकुलीच राहिलं. एसटीनं कुठं निघालो की आण्णा खिडकीतून रस्त्याकडंच बघायचे आणि एखाद्या वळणावर हळूच म्हणायचे, "हे काम कुणाच्या हातचं असेल?" उत्तर कधीच मिळायचं नाही. पुलाच्या कठड्यावर उद्घाटन करणाऱ्या मंत्र्यांचं नाव असायचं, काम करणाऱ्यांचं नसायचं.

पुढं मी शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला. आण्णांचा प्रश्न मात्र पुन्हा समोर आला तो आता, निवृत्तीनंतर, एका सहलीची आखणी करताना.

माझा भाचा नॉर्वेत ट्रॉनहाइम इथं नोकरी करतो. येत्या जूनमध्ये मला मोटारीनं युरोपचं उत्तर टोक दाखवायचं त्यानं ठरवलं आहे. त्यानं नकाशा पाठवला. ट्रॉनहाइमहून ई-६ या महामार्गानं उत्तरेकडं, आर्क्टिक वृत्त ओलांडून नार्विक, पुढं आल्टा. तिथून फाटा घेऊन नॉर्थ केप, मग काराशोक, किर्केनेस. परतताना फिनलंडमधून इव्हालो, रोव्हानिएमी आणि स्वीडनमार्गे घरी. दिवस मोजकेच, कारण त्याची रजा मोजकी. जूनमध्ये तिथं सूर्य मावळत नाही. दिवसाही गाडीचे दिवे लावावे लागतात, रस्त्यावर रेनडिअरचे कळप येतात आणि ई-६ वर असूनही एके ठिकाणी खाडी ओलांडायला गाडी बोटीत चढवावी लागते, असं त्यानं कळवलं. मी नकाशा भिंतीला लावला आणि जुन्या सवयीनं एकेका गावापुढं साल लिहायला बसले.

मराठी माणसाला आर्क्टिक म्हटलं की लोकमान्य टिळक आठवतात. ऋग्वेदातल्या दीर्घ उषांच्या आधारे आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं, असं मांडणारा त्यांचा ग्रंथ १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. विद्वानांनी तो सिद्धान्त स्वीकारला नाही, पण मराठी घरांत ध्रुवप्रदेशाची ओळख त्यानंच करून दिली. त्याच १९०३ सालच्या जुलैत स्वीडन-नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर याच्या हस्ते किरुना ते नार्विक या लोहमार्गाचं उद्घाटन झालं. किरुनाच्या डोंगरात उत्तम लोहखनिज होतं. हिवाळ्यात बाल्टिक समुद्राचा उत्तर भाग गोठतो, पण उष्ण सागरी प्रवाहामुळं नार्विकचं बंदर बारा महिने खुलं राहतं. म्हणून ओसाड किनाऱ्यावर बंदर उभं राहिलं आणि डोंगर फोडून रूळ आले.

श्रोतेहो, पुढचा सगळा अनर्थ या लोखंडातून सुरू झाला. जर्मनीच्या पोलाद कारखान्यांना स्वीडनचं खनिज हवं होतं. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीनं नॉर्वेवर हल्ला केला, त्यात पहिल्याच दिवशी नार्विक घेतलं. दोस्त सैन्यानं २८ मे रोजी ते परत जिंकलं, पण फ्रान्स कोसळत होता म्हणून जूनमध्ये सोडूनही दिलं. नॉर्वे जर्मनांच्या हाती गेला. पुढच्या वर्षी सोव्हिएत संघाशी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आघाडीला रसद पोचवायची तर जहाजं बुडण्याचा धोका होता. दोस्तांचं सैन्य नॉर्वेच्या किनाऱ्यावर उतरेल ही हिटलरला कायमची धास्ती. म्हणून त्याला उत्तरेपर्यंत बारमाही रस्ता आणि लोहमार्ग हवा होता. आणि राबायला कैदी होते.

१९४२ पासून युगोस्लाव्हियातून चार हजारांहून अधिक कैदी नॉर्वेत आणले गेले. बहुतेक सर्बियन होते. त्यांतले निम्म्याहून अधिक तिथंच मेले. नार्विकजवळच्या बाइसफ्योर्ड छावणीत जुलै १९४२ मध्ये साथीच्या रोगाचं निमित्त करून एका रात्रीत सुमारे तीनशे जणांना ठार मारलं. सोव्हिएत युद्धकैदी तर सुमारे एक लाख आणले गेले. त्यांतले तेरा हजारांहून अधिक भूक, थंडी, आजार, मारहाण आणि गोळ्या यांनी गेले. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला साल्टडाल नावाचं खोरं आहे. तिथल्या रोग्नान गावापासून निघणाऱ्या रस्त्याला आजही 'रक्ताचा रस्ता' म्हणतात. एका कैद्याला गोळी घातल्यावर त्याच्या भावानं त्याच्याच रक्तानं कातळावर क्रूस काढला, त्यावरून हे नाव पडलं असं तिथले लोक सांगतात. माझ्या भाच्यानं त्या गावापुढं फक्त 'पेट्रोल, चहा' असं लिहिलं होतं.

या इतिहासात एक अवघड पान आहे. १९४२-४३ मध्ये सर्बियन कैद्यांच्या छावण्यांवर काही पहारेकरी नॉर्वेजियनच होते. युद्धानंतर त्यांतल्या काहींना शिक्षा झाल्या. पुढं जगप्रसिद्ध झालेले समाजशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी तरुणपणी या पहारेकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. ज्यांनी कैद्यांना मारलं आणि ज्यांनी मारलं नाही, त्यांच्यात फरक काय होता? जे कैद्यांशी बोलले होते, त्यांनी जपलेले घरच्यांचे फोटो ज्यांनी पाहिले होते, त्यांना समोरचा माणूस माणूस वाटला. बाकीच्यांना तो वाटला नाही. दुसरीकडं अनेक गावकरी जीव धोक्यात घालून कैद्यांच्या वाटेवर खाण्याचे पदार्थ लपवून ठेवत. एकाच गावात दोन्ही प्रकारची माणसं होती. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला हे पान वर्गात कधी शिकवता आलं नाही, याची रुखरुख वाटते.

मग या मेलेल्यांचं काय झालं? सुरुवातीला ते छावण्यांजवळच पुरलेले होते. १९४९ मध्ये नॉर्वे नाटो करारात सामील झाला. सोव्हिएत प्रतिनिधी कबरींना भेट देण्याच्या निमित्तानं उत्तरेत हेरगिरी करतील, अशी सरकारला भीती वाटली. १९५१ मध्ये सोव्हिएत कैद्यांच्या कबरी उकरून अवशेष ट्योट्टा नावाच्या बेटावर नेण्याचा निर्णय झाला. अवशेष डांबरी कागदाच्या पिशव्यांत भरले, म्हणून मोहिमेचं नाव 'अस्फाल्ट'. अस्फाल्ट म्हणजे डांबर! मू इ राना गावात लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. तरी साडेसात हजारांहून अधिक जणांना ट्योट्टाच्या एका दफनभूमीत नेलं गेलं. बहुतेकांची नावं तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. शेजारीच 'रीगेल' जहाजावरचे मृत आहेत. २७ नोव्हेंबर १९४४ रोजी कैद्यांनी भरलेलं हे जहाज जर्मन सैनिकांचं समजून ब्रिटिश विमानांनी बुडवलं. अडीच हजारांवर माणसं गेली.

ट्रॉनहाइमच्या उत्तरेला फाल्स्टाड इथं पूर्वी जर्मनांची छावणी होती, आता स्मृतिकेंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी जुन्या कागदपत्रांतून या निनावी कैद्यांची नावं शोधण्याचं काम केलं. हजारो नावं सापडली आणि ती सर्वांना पाहता येतील अशी सूचीही झाली.

आता माझी अडचण सांगते. ट्योट्टा ई-६ वर नाही. मूशोएनपासून पश्चिमेला, समुद्राकडं वळावं लागतं. म्हणजे एक दिवस जातो. नॉर्थ केपही ई-६ वर नाही. ओल्डरफ्योर्डपासून १२९ किलोमीटर आत जायचं, त्यात १९९९ मध्ये खुला झालेला, समुद्रसपाटीच्या २१२ मीटर खालून जाणारा बोगदा आहे. तोही एक दिवस. हाताशी जास्तीचा दिवस एकच.

फोनवर भाचा म्हणाला, "मावशी, अगं लोक अर्धी पृथ्वी ओलांडून नॉर्थ केपला येतात. मध्यरात्रीचा सूर्य बघायला मी खोलीसुद्धा राखून ठेवलीय. तू पुन्हा येणार आहेस का?" त्याचं खरं आहे. माझे गुडघे आणि माझं वय पाहता हे एकदाच होणार. मीही आठवडाभर नकाशापुढं बसून राहिले. अनोळखी माणसांच्या कबरींसाठी पृथ्वीचं टोक सोडणं हा हट्ट तर नव्हे, असंही वाटलं.

पण उत्तरेचं पुढचं सगळं आम्ही पाहणारच आहोत, आणि तिथंही हाच प्रश्न आहे. ऑक्टोबर १९४४ पासून माघार घेताना जर्मनांनी फिनमार्क प्रांत जाळला. सुमारे पन्नास हजार लोकांना घराबाहेर काढलं. हजारो लोक हिवाळ्यात गुहांत लपून राहिले. हामरफेस्टमध्ये दफनभूमीतलं छोटं प्रार्थनाघर तेवढं उरलं. फिनलंडमधलं रोव्हानिएमीही जळलं. म्हणून तिथली घरं एका वयाची आणि एका तोंडवळ्याची दिसतात. आम्ही तीन देश पासपोर्ट न दाखवता ओलांडू. पण तिथले मूळचे सामी लोक रेनडिअर घेऊन पिढ्यान् पिढ्या हीच भूमी ओलांडत होते. १७५१ च्या सीमाकरारात त्यांचा हक्क लिहून दिला होता, तरी १८५२ मध्ये नॉर्वे आणि फिनलंडमधली सरहद्द त्यांच्या कळपांना बंद झाली. त्यांची भाषा शाळांतून दडपली गेली. काराशोकला १९८९ पासून त्यांची संसद आहे. नॉर्वेच्या संसदेनं त्यांची रीतसर माफी मागितली ती २०२४ मध्ये.

शेवटी मी भाच्याला कळवलं, "नॉर्थ केपची खोली सोड. ट्योट्टाला जाऊ." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं. पण मावशी, तिथं बघायला काही नाही गं. गवत आहे नुसतं."

मला ते माहीत आहे. म्हणून सध्या मी दुपारी त्या सूचीतली नावं एका वहीत देवनागरीत उतरवून घेते आहे. नाव, जन्मसाल. सगळी कशी होणार? दोनशे करायची ठरवली आहेत, आतापर्यंत एकशे बारा झाली. बरीचशी मुलं विशी-पंचविशीची आहेत, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाची. चौतीस वर्षं मी रोज सकाळी वर्गात हजेरी घेतली. जूनमध्ये त्या गवतात उभी राहून एकदा ही हजेरी घेईन. मग पुन्हा ई-६ ला लागू. त्या रस्त्यावरून जाताना हे काम कुणाच्या हातचं, ते निदान दोनशे नावांपुरतं मला ठाऊक असेल.