उत्तनमधील ‘टीव्ही गेम’विषयी

नव्वदच्या दशकात उत्तनसारख्या किनाऱ्यावरच्या गावात पोचलेली कार्ट्रिजे कंपनीचे कुलूप फोडून बनवलेली होती, असा उत्तनमधील ‘टीव्ही गेम’वरच्या एका लेखाचा रोख आहे. तो पुराव्याशी जुळत नाही. आपल्याकडे स्वस्तात मिळणारी बहुतेक यंत्रे निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या, ६० पिनांच्या कार्ट्रिजवर चालणाऱ्या. आणि त्या मूळ यंत्रात कुलूपच नव्हते. ते १९८५ मध्ये अमेरिकी आवृत्तीत आले: यंत्रातली चिप कार्ट्रिजमधल्या जोडीदार चिपशी संकेत जुळवून पाही, न जुळल्यास खेळ पुन्हापुन्हा बंद पाडी. फॅमिकॉमची नक्कल करणाऱ्याला कार्ट्रिजमधला मजकूर उतरवून घेतला की पुरे. (एका कार्ट्रिजवरचे ‘९९९९ खेळ’ ही मात्र शुद्ध थाप, तेच मोजके खेळ नावे बदलून फिरत.)

कुलूप नव्हते म्हणून चोरी माफ होते का, असे कुणी विचारील. नाही होत. संगणक-प्रणालींना कॉपीराइट कायद्याचे संरक्षण १९८४ च्या दुरुस्तीने मिळालेच होते. पण नक्कल करणे वेगळे आणि कुलूप फोडणे वेगळे. कुलूप फोडण्याला शिक्षा सांगणारे त्याच कायद्याचे कलम ६५अ २०१२ मध्ये आले, तेही हक्कभंगाचा हेतू असेल तरच लागू होते. त्या लेखातले कुलूप फोडण्याचे वर्णन खरे लागू पडते ते मोडचिप बसवलेल्या प्लेस्टेशनला: अस्सल डिस्कच्या आतल्या वर्तुळातली, साध्या रायटरला उतरवता न येणारी खूण ती चिप यंत्राला खोटी पुरवत असे.