डीकनची पारख

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत १८६५ सालापासून मुंबईतील ख्रिस्तजन आपल्या माणसांना माती देत आले आहेत. कबरीपाशी प्रार्थना चालविण्याचा अधिकार धर्मगुरूंप्रमाणे डीकनलाही आहे. तरीही डीकन पुढे झाला की 'फादर आले नाहीत का?' अशी कुजबुज होते. जणू डीकन म्हणजे अर्धा धर्मगुरू! मुंबई महाधर्मप्रांतात आज विवाहित स्थायी डीकन सेवा करीत असताना हा गैरसमज दूर होणे आम्हांला अगत्याचे वाटते.

'दियाकोनोस' ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ सेवक. 'प्रेषितांची कृत्ये' ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ह्या सेवेचे मूळ पाहण्याची परंपरा आहे. यरुशलेममध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या अन्नवाटपात उपेक्षा होऊ लागली. भाकरी आणि भाषा ह्यांवरून उठलेली कुरकुर मुंबईकरांना समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा बारा प्रेषितांनी समुदायालाच सातजण निवडावयास सांगितले. अट एवढीच, की ते नावलौकिकाचे आणि पवित्र आत्म्याने व सुज्ञतेने परिपूर्ण असावेत. निवडलेल्या स्तेफन, फिलिप आदी सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप सोपविले गेले असे दिसते. ह्या निर्णयाचे मोठेपण आपण पुरेसे ओळखलेले नाही, असे आमचे मत आहे.

तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय अधिक बारकाईने बोलतो. डीकन गंभीर असावा. दुतोंडी, मद्यासक्त, पैशाचा लोभी नसावा. श्रद्धेचे रहस्य त्याने शुद्ध विवेकाने जपावे. आणि आधी त्याची पारख व्हावी. ह्यात वक्तृत्व नाही, पदवीही नाही. गरिबांचा पैसा ज्याच्या हातून जावयाचा, त्याचा हात आणि जीभ आधी तपासली जाते. रोमचा डीकन संत लॉरेन्स ह्याच कसोटीला उतरला. परंपरा सांगते, की ख्रिस्तसभेचा खजिना मागितला गेला तेव्हा त्याने गोरगरीब पुढे उभे केले. इ.स. २५८ मध्ये तो रक्तसाक्षी झाला.

पुढे पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत डीकनपद हे धर्मगुरुपदाची केवळ पायरी उरले. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी स्थायी डीकनपदाला पुन्हा वाट मोकळी केली. त्यानंतर अकराव्या दिवशी पोप सहावे पॉल मुंबईच्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी ह्याच शहरात उतरले होते. पदाचे नियम त्यांनी १९६७ साली घालून दिले.

शिवडीत क्षयरोग रुग्णालय आहे, जुन्या चाळी आहेत, गिरण्या बंद पडल्यावर खचलेली घरे आहेत. येथे डीकन निवडताना वेदीवर कोण शोभतो, हे पाहून भागणार नाही. चाळीतल्या विधवेने कोणाच्या हाती विश्वासाने आपली पिशवी दिली असती, हे विचारावे लागेल. त्याच्या घरीही विचारावे लागेल. कारण विवाहित उमेदवाराचे वय किमान ३५ वर्षे असावे लागते आणि पत्नीची संमती नसेल, तर त्याला दीक्षा देता येत नाही.