पत, नोकरी आणि इतिहास

‘पत’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. बाजारात ती उधारी मिळण्याची लायकी असते, गावात अब्रू. हे अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळेच कर्ज थकणे ही आपल्याकडे निव्वळ हिशेबाची बाब कधी राहिली नाही. आता ती नोकरीच्या दाराशी येऊन उभी आहे. निवड झालेल्या उमेदवाराची पदवी आणि पोलीस पडताळणी यांबरोबर त्याचा ‘पतइतिहास’ही, विशेषतः बँकांत, तपासला जातो. या शब्दातला ‘इतिहास’ कितपत इतिहास आहे, हा येथे प्रश्न आहे.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरले. रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याचे बारावे कलम आजही वाचण्याजोगे आहे. रोख्यावरील सहीवर न थांबता, देवघेव सुरू झाल्यापासूनचा तिचा इतिहास आणि गुणदोष न्यायालयाने तपासावेत, असे ते सांगते. कागदामागची हकिकत ऐकण्याचे बंधन कायद्याने न्यायाधीशावर घातले.

विसाव्या शतकात 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर सहकार रुजला आणि पुढे पगारदारांच्या पतपेढ्या उभ्या राहिल्या. तेथे नोकरी हेच तारण. सोबत काम करणारे दोघे जामीन राहत, हप्ता पगारातून कापला जाई. कर्जबाजारीपणाकडे मालक पाहतच नसे, असे मात्र नव्हे. केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतील सतरावा नियम कर्मचाऱ्याने सवयीचा कर्जबाजारीपणा टाळावा, असे बजावतो. पण दिवाळखोरी उधळपट्टीने आलेली नसून आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे ओढवली, हे सिद्ध करण्याची वाटही तो मोकळी ठेवतो. म्हणजे कारणाला तेथेही जागा आहे.

2000 साली मुंबईत ‘सिबिल’ची स्थापना झाली, 2005 साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला, आणि माणसाची पत 300 ते 900 या आकड्यांत मावू लागली. 2023 साली आयबीपीएसने लिपिक भरतीच्या जाहिरातीत रुजू होताना किमान 650 गुणांची अट घातली. या संस्थेचे कार्यालय कांदिवलीला, भाईंदरहून लोकलने चौथे स्थानक. मुर्धा, राई, मोरवा या गावांतल्या पदवीधराला परीक्षा घेणारी संस्था इतकी जवळची. पण शैक्षणिक कर्जाचा हप्ता चुकलेला असेल तर तिची अट तेवढीच दूरची. 2024 साली आकडा वगळला गेला, चांगल्या पतइतिहासाची अपेक्षा राहिली. जून 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेने रद्द केलेली एक नियुक्ती परत देण्यास नकार दिला. जाहिरातीपूर्वीच सारी कर्जे फेडली होती, असे उमेदवाराचे म्हणणे होते. मात्र फेड पुरेशी नाही, मधल्या काळातही थकबाकी नसावी, असा न्यायालयाने अर्थ लावला. जनतेचा पैसा हाताळणाऱ्याला आर्थिक शिस्त हवी, ही त्यामागची भूमिका.

ही भूमिका अवाजवी नाही. ठेवीदाराच्या बाजूने आपणही तेच म्हणू. परंतु पतपेढीत नोकरीच्या बळावर कर्ज मिळत होते; आता कर्जाच्या नोंदीवर नोकरी ठरते. नोकरी नाही म्हणून हप्ता थकला, आणि हप्ता थकला म्हणून नोकरी नाही, या चक्रातून बाहेर पडण्याची वाट उमेदवाराने कोठे शोधावी? अहवालात थकलेले दिवस आणि रक्कम असते. वडिलांचे आजारपण किंवा बंद पडलेला कारखाना त्या आकड्यात उतरत नाही.

घटना आणि तारखा यांच्या यादीला आपण बखरही म्हणत नाही; कार्यकारणभाव आला की इतिहास सुरू होतो. 1879 चा परकीय कायदेकर्ता निरक्षर कुणब्याची हकिकत ऐकून घ्यायला न्यायाधीशाला सांगत होता. आजच्या सुशिक्षित उमेदवाराला निदान तेवढी सुनावणी मिळावी. नियुक्ती रद्द करण्यापूर्वी ‘का थकले?’ एवढे विचारले, तरी पतइतिहास हा शब्द आपल्या नावाला जागेल.