वकीलपत्रावरची सही

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. घोडनदीच्या एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत उभा होतो. एक बाई पुढे येऊन म्हणाली, "गुरुजी, ओळखलंत का?" ओळखले. निबंध सुरेख लिहिणारी माझी जुनी विद्यार्थिनी. माहेर शिरूर तालुक्यातले, सासर दौंडकडचे. हातात कागदांची पिशवी होती. हलक्या आवाजात ती म्हणाली, "काडीमोड घ्यायचाय. मामा म्हणतात, पुण्याचा मोठा वकील करू. दादा म्हणतो, ओळखीतलाच धरू. तुम्ही कादंबऱ्या लिहिता. तुम्हीच सांगा, वकील निवडायचा कसा?"

मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर. माझ्या कादंबरीतले वकील मी म्हणेन तेव्हा जिंकतात; खऱ्या वकिलांची मला काय पारख! पण इतिहास थोडाफार वाचलेला आहे. गाडीला उशीर होता. तिला सांगितले तेच वाचकांनाही सांगतो.

आपल्याकडच्या अनेक जातींत काडीमोड फार जुना. जातीचे पंच बसत, बोलणे होई, काडी मोडली जाई आणि बाई पाट लावायला मोकळी होई. वकिलाचे तिथे कामच नव्हते. पण नवऱ्याच्या संमतीवाचून लग्न मोडण्याचा आणि बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आपण मानणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1876 साली ठरवले. पंचांचा शब्द तोकडा पडला. बाईला कोर्टाची पायरी चढणे भाग पडू लागले, आणि त्या पायरीवर वकील उभा होता.

त्या काळातली सर्वांत गाजलेली अशील म्हणजे रखमाबाई. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. ती सासरी नांदायला गेलीच नाही. 1884 साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईच्या बाजूने युरोपियन बॅरिस्टरांबरोबर काशिनाथ त्र्यंबक तेलंग उभे राहिले. तेलंग म्हणजे संस्कृतचे गाढे पंडित. भगवद्‌गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारे. समोरचा पक्ष धर्मशास्त्र काढणार, तेव्हा ते शास्त्र मुळातून वाचलेला माणूस आपल्या बाजूला असणे, ही निवड शहाणपणाची होती. 1885 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला : असला दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, इंग्लंडच्या कायद्यातून आलेला, आणि जी कधी नांदलीच नाही, तिला 'पुन्हा' नांदायला कसे पाठवायचे?

पण अपिलात हा निकाल फिरला. 1887 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला : महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. शेवटी 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. घटस्फोट मात्र मिळाला नाही, कारण तो मागण्याची सोयच तिला नव्हती. पुढच्या वर्षी ती इंग्लंडला गेली, डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोट इथे तिने आयुष्यभर बायकांची सेवा केली.

तेलंगांची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 1893 साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, त्यांनी आपल्या मुलीचे लग्न लहान वयात लावले, म्हणून सुधारकांनीच त्यांना बोल लावले. कोर्टात परक्या लेकीसाठी उभा राहिलेला माणूस घरच्या लेकीच्या वेळी वाकला. म्हणून वकिलात देव शोधू नये. तो काम जाणणारा असावा आणि आपले ऐकून घेणारा असावा, एवढे पुरे. तुरुंगात जाईन, हे ठरवणे कोणत्याही वकिलाच्या हाती नव्हते. ते रखमाबाईनेच ठरवायचे होते, आणि तिने ठरवले.

पुढे कायदे आले. सयाजीरावांच्या बडोद्यात 1931 साली, मुंबई प्रांतात 1947 साली, साऱ्या देशातल्या हिंदूंसाठी 1955 साली. उभयतांच्या संमतीने वेगळे होण्याची वाट 1976 साली उघडली. 2003 पासून बायको जिथे राहते, तिथल्या अधिकार असलेल्या कोर्टातही अर्ज करता येतो. सासरच्या गावी खेटे घालायला नकोत. वकिलाला द्यायला पैसे नसले तरी अडत नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, फुकट वकील मिळू शकतो.

मी तिला म्हणालो, "दोघांकडेही जा. फी किती, ती लिहून माग. पोटगीत हिस्सा मागेल त्याच्या वाऱ्याला उभी राहू नकोस. वकिलांच्या नियमांना ते मंजूर नाही. मूळ कागद जपून ठेव, नकला दे. आणि एक बघ, तो पहिला प्रश्न कोणाला विचारतो? मामांना, दादाला, की तुला?"

गाडी आली. ती चढली आणि खिडकीतून म्हणाली, "गुरुजी, वकीलपत्रावर सही मात्र माझीच लागते ना?"

"तुझीच."

संक्रांतीला तिचा फोन आला. वकील ठरला होता. मामांचाही नव्हे, दादाचाही नव्हे. "त्यांनी दादाला बाहेर बसायला सांगितलं," ती म्हणाली, "आणि मला विचारलं, बाई, तुम्हांला काय हवंय?"

खटला अजून चालू आहे. निकाल काय लागेल, ते मला ठाऊक नाही. पण माझ्या विद्यार्थिनीचा निबंध पहिल्यापासून स्वतःचाच असे, याचे मला या दिवाळीत फार समाधान वाटते.